इंग्लंडच्या खेड्यातले जुने पब : छत एवढं खाली का असतं?

लंबूटांग
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज डोक्याला टेंगूळ आलंय म्हणून धागा काढतोय.

कामानिमित्त गेलं दीड वर्ष वुस्टरशायरमधल्या एका खेड्यात राहतोय. गावात एक चर्च, एक पोस्टाचं दुकान आणि एक पब, संपलं गाव. पबचं नाव मुद्दाम देत नाही, मालक ओळखीचा आहे आणि भला माणूस आहे. बाहेरून एकदम कॅलेंडरवरचं चित्र, पांढऱ्या भिंती, त्यावर काळ्या लाकडाच्या उभ्याआडव्या पट्ट्या, वाकडं छप्पर. आत गेलं की मात्र माझी परीक्षा. उंची सहा फूट दोन इंच. खोलीच्या मधोमध एक जाडजूड तुळई आडवी जाते, तिच्यावर पाटी लावलीय 'डक ऑर ग्राऊस'. दोन्ही पक्षीच, पण अर्थ असा की वाका, नाहीतर मग कुरकुर करा. गेल्या शुक्रवारी दोन्ही हातांत ग्लास होते, पाटी वाचत वाचतच आपटलो. सगळा पब हसला, मालकाने बर्फ दिला आणि वर म्हणतो की ही तुळई इंग्लंडवर चालून आलेल्या स्पॅनिश आरमाराच्या जहाजाची आहे, १५८८ सालची, मान ठेव तिचा.

तर प्रश्न असे की छत एवढं खाली का, भिंती एवढ्या वाकड्या का आणि मुख्य म्हणजे यातलं खरंच जुनं किती आणि गिऱ्हाइकासाठी जुनं केलेलं किती? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

भटकभवानी
टेंगळाचा फोटो टाका आधी :)

शंकासुर
सोपं आहे हो. तेव्हाची माणसं बुटकी होती. विषय संपला.

सुतारपक्षी
विषय संपला नाही, आत्ता कुठे सुरू झालाय. बुटक्या माणसांची गोष्ट मी तिथे शिकायला होतो तेव्हा दर पबमध्ये ऐकलीय. मध्ययुगातल्या सांगाड्यांवरून जी उंची काढलीय ती पुरुषांची साडेपाच फुटांच्या वरच येते. म्हणजे आजच्या इंग्रजांपेक्षा दोन-तीन इंच कमी फार तर. त्यासाठी कोणी छत छातीशी आणत नाही.

खरी गोष्ट अशी की यातल्या बऱ्याच जुन्या घरांना मुळात मजलाच नव्हता. एक मोठी खोली, थेट छपरापर्यंत उघडी, मधोमध जमिनीवर आगटी, धूर वर जाऊन छपराच्या फटींतून जमेल तसा बाहेर. धुराडं नाही. तेव्हा उंचीच उंची होती, तुमच्यासारखे तीन एकावर एक उभे राहिले असते. मग साधारण सोळाव्या शतकात विटांची धुराडी आली, धूर एका कोपऱ्यात बांधला गेला, आणि लोकांच्या लक्षात आलं की वरची सगळी जागा फुकट चाललीय. तिथे तुळया टाकून माळा केला. आता छप्पर तर आहे तिथेच, त्यामुळे असलेल्या उंचीचेच दोन वाटे करायचे. वर झोपायला वाकून जा, खाली बसायला वाकून जा. शिवाय बुटकी खोली गरम लवकर होते, हा फायदा होताच.

लंबूटांग, कधी संधी मिळाली तर पोटमाळ्यावर टॉर्च घेऊन चढा. वासे आतून डांबर लावल्यासारखे काळे दिसले तर समजा की एकेकाळी खाली उघडी आगटी होती. ती काजळी कोणी पर्यटकांसाठी फासत नाही, कारण तिथे पर्यटक जातच नाहीत.

जांभा
वा सुतारपक्षी! हे वाचून थेट आजोळी गेलो. राजापुराकडचं घर, चुलीवरचा माळा, वासे असे चकचकीत काळे की बोट लावलं तर चिकट. आजी म्हणायची धुरामुळे वाळवी लागत नाही. तिकडे पण तसंच काही असेल का?

आणि त्या काळ्या पट्ट्यांच्या मधल्या पांढऱ्या भिंती कशाच्या असतात? दगडाच्या की विटांच्या?

सुतारपक्षी
@जांभा, तुम्हाला आवडेल असं उत्तर आहे. त्या भिंती कुडाच्या. अगदी आपला कूड. ओक लाकडाचा सांगाडा, मधल्या चौकटीत उभे दांडके, त्यात हेझलच्या लवचिक काठ्या विणायच्या आणि दोन्ही बाजूंनी माती, चिरलेला पेंढा आणि शेण कालवून लिंपायचं. वरून चुन्याचा हात. सायबाने चारशे वर्षं शेणाच्या भिंतीला टेकून बिअर प्यायली हे त्याला सांगू नका, त्याला माहितीये आणि तो अभिमानाने सांगतो.

धुराचंही बरोबर आहे, गवती छपरातले किडे धुराने कमी होतात.

झुणकाभाकर
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). म्हणजे आमच्या आज्याचं घर 'कुडाचं' म्हून सोयरे नाकं मुरडायचे, अन् तिकडे त्याच भिंतीसमोर लोक सेल्फी काढून राह्यले.

सात्त्विक_संताप
मराठी संस्थळावर पबच्या कौतुकाचे धागे निघतात हे पाहून वाईट वाटलं. देवळांवर लिहा, वाड्यांवर लिहा. तरुण पिढीने काय आदर्श घ्यायचा?

मेथीची_जुडी
अहो सात्त्विक, मी ६८ वर्षांची आहे, आयुष्यात थेंब घेतलेला नाही, आणि लेकाकडे गेले की दर रविवारी पबमध्ये जाते. सोडा लिंबू सांगते आणि दोन तास बसते. तिथे आज्या स्वेटर विणत असतात, कुत्री पायाशी झोपलेली असतात, शेतकरी पावसाला शिव्या देत असतात. आपल्या पारावर दारू मिळत असती तर जसं झालं असतं तसं. चर्चा इमारतीवर चाललीय, चालू दे की.

लंबूटांग, तुम्ही वुस्टरशायरला आहात तर ब्रेटफर्टनचा 'फ्लीस' पब पाहिला नाही का अजून? मला सुनेने नेलं होतं. ते मूळचं पंधराव्या शतकातलं शेतकऱ्याचं घर, लांबुळकं, एका टोकाला माणसं आणि दुसऱ्या टोकाला जनावरं एकाच छपराखाली. १८४८ साली त्याच घराण्यातल्या एकाने त्याचा पब केला. शेवटच्या मालकीणबाई लोला टॅपलिन, लग्न केलं नाही, सगळा जन्म त्या घरात. १९७७ साली गेल्या तेव्हा घर नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या नावे करून गेल्या. त्यांना पबमध्ये वेफर्सची पाकिटं खपायची नाहीत असं तिथे सांगतात. मला हे फार पटलं.

आत दगडी फरशी आहे, चुलाण्यापुढे फरशीवर पांढरी वर्तुळं काढलेली आहेत. चेटकीण धुराड्यातून खाली उतरू नये म्हणून. मी लगेच म्हटलं, अगं हे तर आपल्या उंबऱ्यावरच्या रांगोळीसारखं. सुनेने डोळे वटारले, पण मला तरी तसंच वाटलं.

शंकासुर
काकू, प्रतिसाद आवडला, पण ती वर्तुळं गिऱ्हाइकांसाठी दर वर्षी नव्याने रंगवत असणार. चेटकिणीच्या नावावर पै-पाहुणा वाढतो.

मेथीची_जुडी
रंगवत असतीलच की. रांगोळी पण रोज नवीनच काढतात. म्हणून ती खोटी होते का?

भटकभवानी
काकू रॉक्स!!

शंकासुर, सगळंच थापा नसतं हो. चुलीवरच्या आडव्या तुळईवर वर्तुळं काढायच्या कंपासने कोरलेली सहा पाकळ्यांची फुलं असतात, मेणबत्तीने मुद्दाम पाडलेले थेंबाच्या आकाराचे डाग असतात. हिस्टॉरिक इंग्लंड या जुन्या वास्तू जपणाऱ्या सरकारी संस्थेने २०१६ साली लोकांना आवाहनच केलं होतं की तुमच्या घरात, चर्चमध्ये, पबमध्ये अशा खुणा असतील तर कळवा. आणि धुराड्यात भिंतीच्या पोकळीत लपवलेला एकच जुना बूट सापडणं तर इतकं नेहमीचं आहे की नॉर्दॅम्प्टनच्या म्युझियममध्ये अशा बुटांची नोंदवही ठेवतात. एकच बूट, तोही झिजलेला. वाईट नजर, चेटूक वगैरे त्यात अडकावं म्हणून असावं.

झुणकाभाकर
ट्रकमागे लटकवतात तसा का?

भटकभवानी
अगदी तस्साच :)

ठोकळा
सिव्हिलवाला आहे, थोडं वाकड्या भिंतींबद्दल. वाकड्या म्हणजे पडायला आलेल्या असं नाही. ओक ओला असतानाच कापतात आणि ओला असतानाच जोडतात, कारण वाळल्यावर तो लोखंड होतो, पटाशी चालत नाही. एका लाकडाला भोक, दुसऱ्याला जीभ, आणि आरपार लाकडी खुंटी. दोन्हींची भोकं मुद्दाम जराशी चुकवतात, म्हणजे खुंटी ठोकली की सांधा आपसूक आवळला जातो. खिळा नाही, बोल्ट नाही. मग पुढची काही वर्षं लाकूड वाळतं, पिळतं, आणि सगळा सांगाडा एकमेकांना धरून एका बाजूला कलतो. एकदा बसला की बसला. पाचशे वर्षं उभा राहतो.

पडतो तो सिमेंटमुळे. विसाव्या शतकात 'दुरुस्ती' म्हणून चुन्याचा गिलावा काढून सिमेंट मारलं. चुना ओल घेतो आणि सोडतो. सिमेंटला केसाएवढी चीर पडली की पाणी आत जातं पण बाहेर येत नाही, आणि सर्वात खालचं आडवं लाकूड, ज्यावर सगळी चौकट उभी आहे, ते आतल्या आत कुजतं. बाहेरून गुळगुळीत, आत भुसा. आता तेच सिमेंट खरवडून पुन्हा चुना लावायचा, आणि बिल पाहून मालकाला घाम फुटतो.

जांभा
@ठोकळा, काळजावर घाव घातलात. आमच्या मामाने २००५ ला चिऱ्याच्या भिंतीला आतून सिमेंट आणि वरून ऑईलपेंट केला. आता दर पावसाळ्यात पापुद्रे पडतात आणि मामा म्हणतो पूर्वीचे गवंडी चांगले नव्हते.

पणजीकर
आमच्या गोव्यात तावेर्न म्हणजे एक टेबल, चार बाटल्या, एक मांजर आणि सुशेगाद मालक. छत खाली असलं तरी चालतं कारण कोणी उठतच नाही.

एक शंका. त्या पाचशे वर्षं जुन्या पबातला तो लांबलचक लाकडी बार काउंटर, पितळी कठड्याचा, तोही तितकाच जुना का?

सुतारपक्षी
लाखातली शंका. नाही! काउंटर हा पबमधला सगळ्यात नवा पाहुणा. खेड्यातला पब म्हणजे मुळात कोणाचं तरी घर. बाई घरात बिअर गाळायची, तळघरात किंवा मागच्या खोलीत पिंपं, गिऱ्हाईक स्वयंपाकघरात बाकावर बसायचं आणि ती जगमधून आणून द्यायची. काउंटर हा दुकानाचा प्रकार, तो अठराव्या शतकाच्या शेवटाकडे शहरातून आला. त्याच सुमाराला जोसेफ ब्रामाने तळघरातून बिअर वर खेचायच्या हातपंपाचं पेटंट घेतलं, १७९७. मग काउंटर, पंपांचे ते उंच दांडे वगैरे रूढ झालं.

काउंटर नसलेले पब अजून आहेत. बर्कशायरमध्ये आल्डवर्थला 'द बेल' आहे, तिथे काचेच्या झडपांची एक खिडकी, तिच्यातून ग्लास बाहेर येतो. आपल्या एसटी स्टँडच्या तिकीट खिडकीसारखं, फक्त आतला माणूस हसतो. दोनशेहून जास्त वर्षं एकाच कुटुंबाकडे आहे.

अजून एक. १८३० साली बिअरचा कायदा आला. घरपट्टी भरणाऱ्या कोणीही दोन गिनी भरून आपल्या घरात बिअर विकायचा परवाना घ्यावा. हजारो घरांचे पब झाले. त्यामुळे 'पब १८३५ चा आणि इमारत १६०० ची' असं सर्रास असतं. पबचं वय विचारलं की आधी विचारायचं, कशाचं, धंद्याचं की घराचं?

रविवारचा_मी
मी डडलीजवळ राहतो त्यामुळे वाकड्या पबबद्दल बोलायचा हक्क आमचा. हिमलीचा 'क्रुकेड हाऊस'. १७६५ सालचं शेतघर, खाली कोळशाच्या खाणी, जमीन खचली आणि इमारतीचं एक टोक दुसऱ्यापेक्षा जवळजवळ चार फूट खाली गेलं. पाडण्याऐवजी टेकू देऊन पब चालू ठेवला. मी मुलाला घेऊन गेलो होतो तेव्हा तो सात वर्षांचा होता. खिडकीच्या पाटावर गोटी ठेवली की ती चढावर पळते असं दिसतं. मुलगा अर्धा तास गोटी सोडत होता आणि मी घड्याळाकडे बघत होतो, घड्याळाचा लंबक सरळ लोंबत होता तर तोच तिरका वाटत होता. दारातून बाहेर आलो तेव्हा पोरगा म्हणाला बाबा आता बाहेरचं वाकडं दिसतंय.

५ ऑगस्ट २०२३ ला रात्री आग लागली, ७ तारखेला जेसीबीने भुईसपाट. इमारत संरक्षित यादीत नव्हती. लोकांनी विटा राखायला पहारे दिले. फेब्रुवारी २०२४ मध्ये कौन्सिलने नोटीस काढली की जसा होता तसाच परत बांधा. आता मला सांगा इंजिनियर लोकांनो, वाकडं घर मुद्दाम वाकडं बांधायचं कसं?

ठोकळा
ओळंबा फेकून द्यायचा आणि आमच्या सोसायटीच्या बिल्डरला बोलवायचं.

(गंभीरपणे : अवघड आहे. ते घर खचत खचत वाकलं होतं, तशा अवस्थेत नव्याने बांधायचं म्हणजे प्रत्येक वीट हिशोबाने तिरकी.)

शंकासुर
मग तो परत बांधलेला पब जुना म्हणायचा की नवा? हाच तर धाग्याचा मूळ प्रश्न आहे. फ्लीसच्या छपराला पण २००४ साली आग लागली होती ना काकू? म्हणजे काकूंनी पाहिलेलं छप्पर माझ्या पुतण्याच्या वयाचं.

मेथीची_जुडी
हो लागली होती. आणि गावकऱ्यांनी साखळी करून आतली जस्ताची जुनी भांडी बाहेर काढली होती म्हणे. गवताचं छप्पर तसंही शाकारावंच लागतं, ते कुठे जन्मभर टिकतं?

सुतारपक्षी
काकू, जस्त नव्हे, कथिलाची भांडी :) बाकी शाकारणीचं एकदम बरोबर. नॉरफोकचा बोरू वापरला तर पन्नास-साठ वर्षं, गव्हाचा पेंढा त्याहून कमी, आणि आढ्यावरची टोपी तर दर दहा-पंधरा वर्षांनी बदलायची. गंमत म्हणजे पेंढ्याच्या छपरात जुना थर पुष्कळदा काढतच नाहीत, वरचा कुजका भाग खरवडून त्यावरच नवा चढवतात. त्यामुळे काही छपरांच्या तळाशी अजून मध्ययुगातला काजळलेला पेंढा निघतो. छपराचा उतार पन्नास अंशांच्या आसपास लागतो, नाहीतर पाणी मुरतं. एखाद्या पबचं कौलारू छप्पर फारच उभं दिसलं तर शंका घ्यायची की पूर्वी तिथे गवत असणार.

भटकभवानी
आता माझा लाडका. सॉमरसेटमध्ये नॉर्टन सेंट फिलिपचा 'जॉर्ज इन'. ब्रिस्टलहून जवळ आहे, मी पाहुण्यांना तिथेच नेते. खालचा मजला दगडी, भक्कम, आणि वरचे दोन मजले लाकडी सांगाड्याचे, एकावर एक पुढे आलेले, जणू कोणी कपाटाचे ड्रॉवर उघडे ठेवलेत. जवळच्या मठातल्या साधूंनी बांधला, लोकरीच्या बाजारासाठी. व्यापारी खाली उतरायचे आणि वर लोकरीचे गठ्ठे. मागे चौक, घोड्यांची सोय, म्हणजे धर्मशाळा अधिक गोदाम. १६८५ च्या बंडात ड्यूक ऑफ मॉनमथ इथेच उतरला होता. पहिल्या प्रतीच्या संरक्षित यादीत आहे, त्यामुळे खिळा ठोकायचा तरी परवानगी.

ते मजले पुढे का काढायचे? गाईड म्हणाला कर चुकवायला. खरं का?

ठोकळा
कराचं काही माहीत नाही पण तांत्रिक फायदा आहे. तुळईचं टोक बाहेर काढून त्यावर वरच्या भिंतीचं वजन दिलं की मधला भाग कमी झुकतो, वरचे लोक नाचले तरी. शिवाय पावसाचं पाणी खालच्या भिंतीवर येत नाही.

सुतारपक्षी
आणि दिखावा. शहरात जागा कमी म्हणून मजले पुढे काढले हे पटतं, पण खेड्यात आजूबाजूला रान मोकळं असताना काढलेत ते शेजाऱ्याला दाखवायला. जवळजवळ लावलेली उभी लाकडं पण तशीच, तेवढ्या लाकडाची गरज नसते, 'माझ्याकडे ओक आहे' असं सांगायचं असतं. गल्लीतल्या तीनमजली बंगल्याच्या ग्रीक खांबांसारखं समजा.

लंबूटांग
बापरे, दोन दिवस कामात होतो तर केवढा धागा पळाला. सगळ्यांना दंडवत. पण आमच्या जहाजाच्या तुळईचं काय ते कोणीच सांगितलं नाही. मालकाचा पुरावा असा की तुळईत रिकामी भोकं आहेत, म्हणजे ती आधी दुसरीकडे वापरलेली आहे, म्हणजे जहाजात.

शंकासुर
सेव्हर्न नदीतून आणली असेल ओढत.

सुतारपक्षी
जहाजाची थाप इंग्लंडात इतक्या पबांत आहे की ते सगळं लाकूड एकत्र केलं तर आरमार बुडालंच नसतं, जमिनीला टेकलं असतं. अहो समुद्र कुठे, वुस्टरशायर कुठे, आणि आजूबाजूला ओकची रानं. जहाजाचं लाकूड तिथे न्यायचं म्हणजे कोकणातल्या माणसाने नारळ केरळहून मागवायचे. शिवाय जहाजाची लाकडं वक्र असतात, तुमची सरळ दिसतेय.

भोकांचं कारण वेगळं असणार. जुनं घर पाडलं की लाकूड नव्या घरात वापरायचे, आपल्याकडे वाड्याचे खांब विकतात तसंच. किंवा ती भोकं त्याच जागची असतील, दुसऱ्या कशाची तरी. आकार, अंतर, कुठल्या अंगाला आहेत हे नीट पाहून सांगा. आणि लाकडावर रोमन आकड्यांसारख्या खुणा दिसतात का पाहा, सुतार सांगाडा आधी अंगणात जुळवायचे, मग सुटा करून जागेवर उभा करायचे, कुठला तुकडा कुठे ते त्या खुणांवरून.

एक अवांतर, तुमचे ते कॅलेंडरवाले काळे-पांढरे पट्टे. ओक बहुधा तसाच सोडायचे, तो उन्हापावसाने चंदेरी करडा होतो, किंवा सरसकट सगळ्यावर चुना फासायचे. काळा रंग बहुतेक ठिकाणी व्हिक्टोरिया राणीच्या काळातली फॅशन. म्हणजे जे सगळ्यात जुनं दिसतं तेच बरेचदा नवं.

रविवारचा_मी
+१. आणि आमच्या बर्मिंगहॅमच्या बाजूला दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ब्रूअरींनी हायवेवर भलेमोठे खोटे ट्यूडर (म्हणजे सोळाव्या शतकाच्या धर्तीचे) पब बांधले, विटांच्या भिंतीवर काळ्या फळ्या ठोकून. ओळखायची खूण, खुंट्या दिसत नाहीत आणि सगळ्या फळ्या एका जाडीच्या. त्यातले काही आता आपल्या पंजाबी मंडळींनी घेतलेत, बाहेर ट्यूडर आणि आत मिक्स ग्रिल. जेवण फर्स्टक्लास. छतही उंच आहे लंबूटांग, या एकदा.

पणजीकर
पबात एवढ्या लहान लहान खोल्या कशाला असायच्या? जुन्या फोटोत दोन-तीन दारं दिसतात.

भटकभवानी
इयत्ता वेगळ्या ना. मजूर मंडळी टॅपरूम किंवा पब्लिक बारमध्ये, नुसतं लाकडी बाक आणि दगडी फरशी. बरी परिस्थिती असलेले पार्लर किंवा सलूनमध्ये, तिथे गालिचा आणि बिअर थोडी महाग. आणि 'स्नग' म्हणजे एक छोटी बंदिस्त खोली, जिथे बायका किंवा ज्यांना कोणी पाहू नये असं वाटतं ते बसायचे. कधी कधी पाद्रीसुद्धा.

झुणकाभाकर
म्हंजे परमिट रूमवर 'फॅमिलीसाठी स्वतंत्र सोय' लिहिलेलं असते ते!

मेथीची_जुडी
मला तर माजघर आठवलं. उंच पाठीचे बाक असतात बघा, वारा लागू नये म्हणून, त्यावर बसलं की खोलीत खोली होते. फ्लीसमध्ये आहेत. तिथून उठवत नाही.

सुतारपक्षी
दुर्दैवाने या खोल्या दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः साठ-सत्तरच्या दशकात, धडाधड पाडल्या. एका काउंटरवरून सगळ्यांवर नजर ठेवता येते, माणसं कमी लागतात. म्हणून १९७१ ला सुरू झालेल्या 'कॅमरा' या पारंपरिक बिअर आणि पबांसाठी झटणाऱ्या संघटनेने पुढे आतली मूळ रचना शाबूत असलेल्या पबांची वेगळी यादीच केली. बाहेरचा चेहरा वाचवतात, आतलं कोणी विचारत नाही.

सात्त्विक_संताप
तो सेंट आल्बन्सचा आठकोनी पब मूळचा कबुतरखाना होता असं वाचलं. खरं आहे का? (नुसतं विचारतोय.)

मेथीची_जुडी
या या सात्त्विक, बसा. लिंबू सोडा मागवू का?

भटकभवानी
होय, 'यी ओल्ड फायटिंग कॉक्स'. इंग्लंडातला सर्वात जुना पब आम्हीच असं म्हणणाऱ्या डझनभरांपैकी एक. कबुतरांवरून इथे दादरचा विषय काढू नका प्लीज, धागा पेटेल.

लंबूटांग
मंडळी, शोध लागला. काल दुपारी पब रिकामा होता, मालकाला धागा भाषांतर करून ऐकवला (शेणाच्या भिंतीला त्याने ग्लास उंचावला, जहाजाला मात्र तोंड वाकडं केलं) आणि मोबाईलचा टॉर्च लावून त्या तुळईखाली खुर्चीवर उभा राहिलो.

भोकं तुळईच्या खालच्या अंगाला आहेत. अंगठा जाईल एवढी, गोल, एका रांगेत, साधारण वीतभर अंतराने. मी मोजली, एका बाजूने अकरा आहेत, मग सुमारे अडीच फूट काहीच नाही, गुळगुळीत लाकूड, मग परत सात. त्या मोकळ्या जागेच्या दोन्ही टोकांना मोठं चौकोनी भोक. रोमन खुणा पण सापडल्या, तीन उभ्या रेघा आणि एक तिरकी. पोटमाळ्यावर मालक म्हणतो जिना मोडलाय, पुढच्या महिन्यात.

सुतारपक्षी, काय ते सांगा लवकर, मालक माझ्या शेजारी बसलाय.

सुतारपक्षी
अहो हे तर सोनं आहे! ती गोल भोकं कुडाच्या दांडक्यांची. वर भोकात टोक अडकवायचं आणि खालच्या आडव्या लाकडाला खाच असायची तिच्यात सरकवून ताठ करायचं. म्हणजे त्या तुळईखाली कुडाची भिंत होती, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. जिथे अडीच फूट भोकं नाहीत तिथे दार. चौकोनी भोकं दाराच्या चौकटीच्या दोन उभ्या लाकडांची. जहाज वगैरे काही नाही, तुळई पहिल्यापासून तिथेच आहे आणि भिंत गेलीय.

आणि आता तुमच्या पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर. छत खाली आहेच, पण तुळई छताच्याही खाली आहे ना, आणि तिच्याखालून कोणी चालणं अपेक्षितच नव्हतं. तिथे भिंत होती. कोणीतरी दोन खोल्यांची एक केली तेव्हापासून लोक आपटायला लागले. मालकाला विचारा भिंत कधी पाडली.

लंबूटांग
विचारलं. म्हणतो त्याच्या वडिलांनी १९६८ ला पाडली, डार्ट्सचा बोर्ड लावायला जागा हवी होती म्हणून. पाटी पण त्यांनीच त्याच आठवड्यात लावली.

शंकासुर
दार कुठे होतं ते कळलं ना? आता तिथूनच जा, वाकून.

लंबूटांग
त्या अडीच फुटांत डार्ट्सचा बोर्ड आहे.